कंबर बधीर करायची ती बाटली आधी परत द्या

या वेळचं पत्र दिंडोरी तालुक्यातून आलंय. नाव गाव टाकू नका असं ताईंनीच लिहिलंय म्हणून टाकत नाही. पत्र चार पानी होतं, त्यातलं कामापुरतं देते:

"सिस्टर नमस्कार. आमची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. ह्यांचं वय ४४, वजन ७० च्या आसपास, बीपी शुगर काही नाही. गेल्या नऊ दिवसात दोनदा मुतखड्याचा अटॅक आला, दुसऱ्या वेळी तर बांधावरच लोळत होते, दुखणं कंबरेतून निघून पार खाली जांघेत जातं म्हणतात. सोनोग्राफीत डाव्या बाजूला ७ एमएमचा खडा, नळीच्या खालच्या टोकाला, आणि किडनीला थोडी सूज असं आलं. नाशिकच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, रात्रीची एक गोळी दिली आणि दोन आठवड्यांनी दाखवा म्हणाले. पण आमची छाटणी चालू आहे, मजूर लागलेत, मागोमाग पेस्ट करायची. हे म्हणतात आत्ता दवाखान्यात बसायला टाइम नाही. पुतण्याचा मित्र जनावरांच्या डॉक्टरांच्या हाताखाली असतो, तो म्हणतो दात काढताना बधीर करतात ना, तसं कंबरेत इंजेक्शन मारून देतो, दिवसभर दुखणार नाही, काम करता येईल. बाटली आणून दिलीय, फ्रीजमध्ये ठेवलीय. मला भीती वाटते. असं खरंच करतात का? करत असतील तर आमच्या डॉक्टरांनी का नाही केलं? आणि रोज संध्याकाळी एक बिअर घेतली की खडा पडतो म्हणतात ते खरं का?"

ताई, पुढचं नंतर वाचा, आधी फ्रीज उघडा आणि ती बाटली बाहेर काढून पिशवीत घाला, आणि तो पोरगा आला की त्याच्या हातात परत द्या. (त्यात लिग्नोकेन असतं, दात काढताना बधीर करायचं तेच, आणि ते फ्रीजमध्ये ठेवायचं औषधच नाही, साध्या थंड जागेत राहतं, म्हणजे ज्याने आणून दिलं त्याला त्या औषधाची किती माहिती आहे ते इथेच कळलं.)

तुम्ही लिहिलंय बाटलीवर २ टक्के आणि ३० एमएल असं छापलंय. याचा हिशोब सांगते. २ टक्के म्हणजे एका एमएलमध्ये २० मिलिग्रॅम, म्हणजे अख्ख्या बाटलीत ६०० मिलिग्रॅम झालं. माणसाला साधं लिग्नोकेन टोचायचं तर वरची मर्यादा धरतात किलोमागे साडेचार मिलिग्रॅम, आणि एकूण ३०० च्या वर जायचं नाही. म्हणजे दाजींना अर्ध्या बाटलीतच काठावर आणून ठेवता येतं. आणि जो माणूस गाईचं शिंग काढताना हे औषध बघत आलाय, त्याच्या हाताला ४०० किलोच्या जनावराचा अंदाज बसलेला असतो, सत्तर किलोच्या माणसाचा नाही, आणि हे मी त्याला नावं ठेवायला म्हणत नाहीये, त्याने मदत म्हणूनच आणलं असणार, पण अंदाज चुकला तर माणूस जातो.

आता तुमचा खरा प्रश्न, की असं करतात का. तर हो, करतात, आणि तुम्ही विचारलं ते अजिबात येडपटासारखं नाहीये. मी ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी कॅज्युअल्टीत आणि निम्मी ऑपरेशन थिएटरमध्ये, आणि "सिस्टर काहीतरी टोचून इथली कंबरच मारून टाका" असं म्हणणारे पेशंट मी मोजले नाहीत इतके बघितले. मी स्वतःही म्हटलंय. २०११ मध्ये नाइट ड्युटीवर मला खडा आला, पाच मिनिटांपूर्वी मी दुसऱ्यांना सलाईन लावत होते आणि पाच मिनिटांनी मी औषधांच्या ट्रॉलीच्या बाजूला फरशीवर, दोन बाळंतपणं झालेली बाई सांगतेय की तसलं दुखणं मी आधी बघितलं नव्हतं. त्यामुळे दाजी बांधावर लोळले यात नाटक काहीच नाही, घरात कोणी म्हणत असेल तर त्याला हे वाचून दाखवा.

पण दुखतं का ते एकदा समजून घ्या म्हणजे बाकीचं सगळं आपोआप कळेल, आणि तुम्हाला तर ठिबक माहितीये. खडा किडनीत नुसता पडून असतो तेव्हा बऱ्याचदा दुखतच नाही, लोकं वर्षानुवर्षं घेऊन फिरतात. तो खाली सरकून त्या नळीत अडकला की दुखतं, नळी साधारण २५ सेंटिमीटर लांब आणि आतून जेमतेम तीन-चार एमएम. लॅटरल, म्हणजे ठिबकची ती बारीक नळी, पुढे चोकअप झाली आणि मागून मोटर चालूच राहिली तर काय होतं, पाइप फुगतो, जॉइंट ताणतात, गेजचा काटा चढतो. इथे तसंच. किडनी मोटर बंद करत नाही, लघवी तयार करतच राहते, ती पुढे जात नाही, मागे तुंबते, किडनीवरचं आवरण ताणलं जातं, आणि वरून शरीर स्वतःच प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सोडतं त्याने किडनीकडे रक्त आणखी वाढतं, म्हणजे आणखी लघवी, आणखी प्रेशर, शिवाय नळी खड्याला ढकलायला आवळून आवळून धरते. म्हणून ते लाटेसारखं येतं. रिपोर्टमधली "थोडी सूज" म्हणजे हाच फुगलेला पाइप.

आता दाजींना जे इंजेक्शन दिलं ते बहुतेक डायक्लोफिनॅक असणार, डायक्लो म्हणतो आम्ही. लोकांना वाटतं ते साधं दुखण्याचं इंजेक्शन, गुडघ्याला देतात तेच मुतखड्याला दिलं, डॉक्टरने काय विशेष केलं. विशेष हे की डायक्लो ती प्रोस्टाग्लँडिनच बनू देत नाही, म्हणजे किडनीत येणारं रक्त थोडं कमी, लघवीचा लोंढा कमी, सूज कमी, म्हणजे ते खरोखरच प्रेशर उतरवतं. आणि लिग्नोकेन काय करतं, तर नसेतून जो सिग्नल जातो त्याची वाट बंद करतं. नसेच्या आवरणात सोडियम आत शिरायची छोटी दारं असतात ती ते अडवून धरतं, सिग्नल पुढे सरकतच नाही. प्रेशर तिथल्या तिथेच. गेजवर फडकं टाकल्यासारखं आहे ते, काटा दिसत नाही एवढंच. म्हणून मुतखड्याला पहिला नंबर डायक्लो किंवा त्याच जातीच्या केटोरोलॅकचा लागतो. तुमच्या डॉक्टरांनी बधीर का नाही केलं याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

उरलेलं अर्धं म्हणजे, बधीर करायचे प्रकार आहेत पण ते सगळे दवाखान्यातले आहेत. एक म्हणजे लिग्नोकेन चक्क शिरेतून देतात, अगदी हळूहळू, किलोमागे दीड मिलिग्रॅम, बाजूला हार्टचा मॉनिटर लावून. इराणमध्ये तब्रिझला २४० पेशंटवर हे करून बघितलेलं, २०१२ मध्ये छापून आलं, आणि मॉर्फिनच्या तोडीस तोड, उलट थोडं सरसच निघालं. मग काय, सगळीकडे चर्चा, खडा आला की लिग्नोकेन. पण नंतर अमेरिकेत त्याची केटोरोलॅकशी तुलना केली तेव्हा एकटं लिग्नोकेन मागे पडलं. तर आता ते हातातलं दुसरं-तिसरं हत्यार म्हणून राहिलंय, म्हणजे ज्याची किडनी आधीच अशक्त आहे, पोटात अल्सर आहे, डायक्लोने दमा उठतो, अशाला काय द्यायचं तेव्हा डॉक्टर त्याचा विचार करतात. आणि तरीही ज्याला हार्टचा त्रास आहे, फिट्स येतात, लिव्हर खराब आहे, त्याला नाहीच.

दुसरा प्रकार तुमच्या त्या पोराच्या डोक्यात आहे तसा, कंबरेत टोचायचा. गंमत म्हणजे त्याला अगदीच बुड नाही असं नाही. किडनीच्या आणि नळीच्या नसा पाठीच्या कण्यात ज्या मजल्यावर शिरतात ना, खालच्या बरगड्यांपासून कंबरेच्या वरच्या मणक्यापर्यंत, त्याच मजल्यांवर कुशीच्या कातडीच्या आणि जांघेच्या नसा पण येतात, त्यामुळे मेंदूचा घोटाळा होतो की नक्की दुखतंय कुठे, आणि म्हणूनच खडा आत आणि कळ जांघेत, पुरुषांना तर पार अंडकोषापर्यंत. दाजी सांगायला लाजत असतील तर तेही असतं हे त्यांना सांगा. याच घोटाळ्याचा फायदा घेऊन जपानमध्ये कुशीतला दाबल्यावर सगळ्यात जास्त दुखणारा पॉइंट शोधून तिथे लिग्नोकेन टोचून बघितलं आणि आराम पडला. डेन्मार्कवाल्यांनी तर त्या जागी कातडीत नुसतं निर्जंतुक पाणी टोचलं होतं. आणि जुन्या सोव्हिएत रशियात डॉक्टर पुरुष पेशंटच्या जांघेतल्या शुक्ररज्जूभोवती, म्हणजे अंडकोषाकडे जाणाऱ्या दोरीभोवती, नोव्होकेन हे बधीर करायचं जुनं औषध सोडायचे, लोरिन-एपस्टाइन ब्लॉक म्हणायचे त्याला, खडा वर आणि सुई खाली. ऐकायला येड्यासारखं वाटतं पण मजला एकच असल्यामुळे काही जणांना फरक पडायचा.

आणि आत्ताचा जो नवा प्रकार आहे, पाठीच्या मणक्यालगत उभे स्नायू असतात त्यांच्या खालच्या थरात औषध सोडायचं, २०१६ पासून आलाय, तो भूलतज्ज्ञ करतात, सोनोग्राफीचा पडदा समोर ठेवून, सुईचं टोक कुठे आहे ते दिसत असताना. आमच्या थिएटरमध्ये शेवटच्या वर्षांत मोठ्या खड्याच्या ऑपरेशननंतर असे ब्लॉक देताना मी ट्रॉली लावून दिलीय. डॉक्टर प्रत्येक पाच एमएलला सिरिंज मागे ओढून बघणार रक्त येतंय का, पेशंटशी बोलत राहणार, बाजूला ऑक्सिजन तयार, आणि कपाटात चरबीचं ते पांढरं दुधासारखं सलाईन, २० टक्क्यांचं लिपिड, जे लिग्नोकेनचं विष चढलं तर उतारा म्हणून देतात. तुमच्या ओसरीवर यातलं काय आहे सांगा. बाराव्या बरगडीच्या आसपास सुई जरा वर गेली तर फुप्फुसाचं आवरण, जरा खोल गेली तर किडनी, आणि मधे शिरेत गेली तर सगळं औषध एकदम हृदयात.

विष चढणं कसं असतं ते मी एकदाच जवळून बघितलंय, हातावरची गाठ काढायची होती, छोटं काम, आणि पेशंट मध्येच म्हणाला सिस्टर तोंडात नाणं चाटल्यासारखं लागतंय. डॉक्टरांचा हात जागच्या जागी थांबला. मग ओठ मुंग्या आल्यासारखे, कानात शीऽऽ असा आवाज, जीभ जड. तेवढ्यावर निभावलं कारण तिथेच थांबले. त्याच्या पुढची पायरी फिट, आणि त्याच्या पुढे हृदयाची लय बिघडते. तो बिचारा नाण्याचं बोलला म्हणून वाचला असं मी आजही म्हणते. आणि वासराने असं कधी सांगितलंय का कोणाला?

बरं समजा हे सगळं बाजूला ठेवू, समजा कोणी अगदी बरोबर टोचलं. तरी साधं लिग्नोकेन चालतं किती, तासभर, फार तर दोन तास. दिवसभर वगैरे काही नाही. ७ एमएमच्या खड्याचा प्रवास असतो दिवसांचा, कधी दोन-तीन आठवड्यांचा. म्हणजे छाटणी संपेपर्यंत दाजींना दिवसातून किती वेळा टोचणार?

आणि मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते सांगू का, टोचण्याचीही नाही. दुखणं थांबलं की हे दवाखान्यात जाणारच नाहीत याची. तुमच्या पत्रात एक ओळ होती की "मधले चार दिवस काहीच दुखलं नाही तेव्हा आम्हाला वाटलं पडला असेल". तसं नसतं ताई. दुखणं थांबणं आणि खडा पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नळी पूर्ण बंद राहिली तर काही दिवसांनी किडनी दमून लघवी बनवायचीच कमी करते, प्रेशर उतरतं, माणूस म्हणतो बरं वाटतंय, आणि आत किडनी गुपचूप खराब होत असते. आमच्याकडे एक जण आलेला, बागाईतदारच, सीझनभर मेडिकलमधून गोळ्या घेऊन घेऊन दिवस काढले, दुखणं दबलं, आणि आला तेव्हा थंडी वाजून ताप, सूज, आत पू. रात्री दोन वाजता पाठीतून नळी घालून पू काढला. जीव वाचला पण ती किडनी पुढे फार कामाची राहिली नाही. पन्नाशीही नव्हती त्याची.

डायक्लोच्या गोळ्यांचंही म्हणून सांगते, डॉक्टरांनी लिहून दिल्यात तेवढ्याच, स्वतःच्या मनाने रोज दोन-दोन आठवडे नाही. उन्हात घाम गाळून, पाणी कमी पिऊन, वर डायक्लो, हे किडनीला चांगलं नाही. क्रिएटिनीन झालंय का? पत्रात नाहीये. झालं नसेल तर पुढच्या खेपेला करून घ्या, रक्ताची साधी टेस्ट आहे, किडनी कशी चाललीय ते कळतं.

आता बिअर. इथे मला जरा जोरात बोलायचंय. आपल्या भागात प्रत्येक गावात एक जण असतोच ज्याचा खडा बिअरने पडला. पडला असेल, पाण्यानेही पडला असता. बिअरने लघवी जास्त होते खरी पण नंतर शरीर सुकतं. एवढंच असतं तर मी म्हटलं असतं जाऊ दे. पण तुम्ही लिहिलंय छाटणीमागोमाग पेस्ट करायची. पेस्ट म्हणजे हायड्रोजन सायनामाइड ना, वेलीच्या काडीवरचे डोळे फुटायला लावतात ते? ते हाताला-नाकाला लागलेल्या माणसाने दारू घेतली तर शरीर दारू नीट पचवू शकत नाही, मधल्या पायरीवरचं विष रक्तात साठतं, तोंड लालबुंद, छाती धडधड, दम, उलट्या, बीपी खाली. दारू सोडायच्या गोळीवर दारू घेतली तर जे होतं तेच. त्या औषधाच्या माहितीपत्रकातच दारू घेऊ नका म्हणून लिहिलेलं असतं, आधीचा दिवसही नाही आणि नंतरही कित्येक दिवस नाही, पण ते वाचतं कोण. म्हणजे दिवसा पेस्ट आणि संध्याकाळी खड्यासाठी बिअर हे जे तुमच्याकडे ठरतंय ना, ते त्या बाटलीइतकंच वाईट आहे. मजुरांनाही सांगा, नुसतं दाजींना नाही.

पाण्याचं म्हणाल तर अटॅक चालू असताना घटाघट चार लिटर पाजू नका, आणि "दोन सलाईन लावा म्हणजे खडा धुऊन निघेल" असंही कोणाला म्हणू नका, तसं निघत नाही, उलट्या होत असतील तर सलाईन लागतं ती गोष्ट वेगळी. पुढे अडलेलं असताना मागून मोटर वाढवून काय होणार. कळ नसते त्या वेळेला मात्र दिवसभर थोडं थोडं, दिवसाला अडीच लिटर लघवी व्हायला हवी इतकं, हे पुन्हा खडा होऊ नये म्हणून आहे आणि कायमचं आहे. बागेत माणसं फवारणीचा मास्क काढायचा कंटाळा म्हणून दुपारपर्यंत पाणी पीत नाहीत हे मी माझ्या भावाकडे बघितलंय. कुळथाचं कढण द्यायचं तर द्या, पोटात पाणीच जातंय, पण त्याने ७ एमएम विरघळेल अशी आस ठेवू नका. टोमॅटोच्या बिया निर्दोष आहेत. दूध बंद करू नका, उलट कॅल्शियम कमी खाल्लं की खडे वाढतात. पालक मात्र रोज रोज नको, आणि मीठ कमी.

घरी कळ आली तर तुमच्या हातात काय आहे, तर गरम पाण्याची पिशवी. हसू नका, ऑस्ट्रियात अँब्युलन्समध्ये खड्याच्या पेशंटच्या कुशीला ४२ डिग्रीच्या गरम पट्ट्याने शेकून बघितलं आणि दुखणं बरंच उतरलं होतं. कातडी भाजणार नाही इतकी गरम, टॉवेल गुंडाळून, कुशीला. त्यासोबत डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी. बस. झायलोकेनचा (म्हणजे लिग्नोकेनचाच) स्प्रे, जेली, पट्टी यातलं कंबरेला लावून काही होत नाही, ते वरवर कातडीपुरतं असतं, किडनी खूप आत आहे.

रात्रीची गोळी टॅमसुलोसिन असेल, नळीचं खालचं टोक सैल करते, दाजींचा खडा बरोबर त्याच जागी आहे आणि त्याच साइजचा आहे ज्याला तिचा उपयोग होतो. त्याने उठताना चक्कर येऊ शकते म्हणून झोपताना देतात. पहाटे उठून तडक ट्रॅक्टरवर चढायचं नाही, दोन मिनिटं कॉटवर बसायचं मग उठायचं. ५ एमएमपर्यंतचे खडे तीनातले दोन आपोआप पडतात, ५ ते १० मधले साधारण निम्मे, म्हणजे दाजींचा चान्स छापा-काटा आहे, म्हणून डॉक्टरांनी दोन आठवडे दिलेत, टाळलेलं नाही. पण ती तारीख पाळायची, कारण चार आठवड्यांच्या पुढे सहसा कोणी थांबत नाही.

तारखेची वाट न बघता निघायचं कधी, तर थंडी वाजून ताप आला की. नुसता ताप असला तरी. हे एक वाक्य मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर लावा, आतमध्ये त्या बाटलीच्या जागी नाही, बाहेर. तापासोबत अडकलेला खडा म्हणजे काही तासांचा खेळ असतो, १०८ ला फोन करा, दिंडोरीच्या ग्रामीण रुग्णालयात वेळ घालवायचा की नाही ते अँब्युलन्सवाल्या डॉक्टरांना ठरवू द्या, नाहीतर सरळ नाशिक सिव्हिल किंवा आडगावचं मेडिकल कॉलेज. लघवी एकदम बंद झाली, उलट्यांमुळे पाणीही टिकेना, डायक्लो देऊनही कळ उतरेना, तरी निघायचंच. आणि हे दाजींसाठी नाही पण घरात वाचणाऱ्यांसाठी, साठीच्या पुढे आयुष्यात पहिल्यांदाच "खड्यासारखं" दुखलं तर तो खडा धरून चालू नका, पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगल्यावरही असंच दुखतं, आणि वयात येणाऱ्या पोराच्या अंडकोषात अचानक कळ आली तर तो पीळ असू शकतो, तिथे काही तासच हातात असतात. अशा ठिकाणी कोणी आधी बधीर करून ठेवलं तर डॉक्टरला कळायचं कसं.

खडा नाहीच पडला तर दुर्बिणीने काढतात, लघवीच्या वाटेनेच, कुठे चिरायचं नाही. आणि तिथे दाजींना पाहिजे तसं बधीर मिळेल, कंबरेखालचं अख्खं शरीर, मणक्यातून, भूलतज्ज्ञाच्या हातून. आत स्टेंट, म्हणजे वाट मोकळी राहावी म्हणून बारीक नळी, ठेवला तर काही आठवड्यांनी तो काढताना लिग्नोकेनची जेलीही मिळेल, तिथे ती खरंच कामाची असते. जेली लावून पाच-दहा मिनिटं थांबायला लागतं, घाई झाली तर डॉक्टरांना हक्काने म्हणा थोडं थांबा. पैशाचं टेन्शन असेल तर महात्मा फुले योजनेत मुतखड्याची ऑपरेशनं बसतात, योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यालाच आधी भेटा, डॉक्टरला नंतर.

छाटणीचं काय करायचं ते मला सांगता येणार नाही, पण मजूर मुकादमावर सोडून एक दिवस नाशिकला येऊन जाता येतं एवढं मला माहितीये, माझ्या भावाने दोनदा केलंय.

आणि एक राहिलंच. दाजींना सांगा लघवी गाळून करायची, रोज, प्रत्येक वेळी, खडा मिळाला की डबीत घालून डॉक्टरांकडे न्यायचा, कशाचा बनलाय ते तपासलं की पुढचं पथ्य ठरतं. त्यासाठी चहाची जुनी गाळणी द्या, आणि तिला लाल दोरा बांधून बाथरूममध्येच खिळ्याला अडकवा. आमच्याकडे दोरा बांधायचा राहिला होता, आणि सासूबाईंनी ती घासून परत ओट्यावर आणून ठेवली होती.